धाकटीचे लाड

कारखान्यातला कोट तिच्या हातातून त्याने जवळजवळ ओढूनच घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "मी धुतो."

ती बादलीवर वाकली होती, ती तशीच अर्धवट वाकलेली राहिली. साबणाचं पाणी तयार होतं, ब्रश हाताशी होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने स्वतःचा रुमालसुद्धा कधी पिळला नव्हता.

"तुम्ही?"

"का, मला हात नाहीत?"

"हात आहेत. सवय नाही."

एरवी तो हसला असता. आज त्याने पिशवीतून कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे काढले, बादली उचलली आणि मागच्या अंगणातल्या नळावर गेला. जाताना दार ओढून घेतलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बघत राहिली. ती नेहमी कोट आधी दोन्ही खांद्यांना धरून फटाफट झटकायची आणि मग भिजवायची. पांढरी भुकटी उडाली, खडूसारखी, की तोंड बाजूला करून डोळे मिटायचे. त्याने कोट झटकला नाही. घडी न मोडता तो हळूच पाण्यात सोडला, वर हात ठेवून दाबला, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

वरच्या मजल्यावरची शेजारीण गॅलरीतून ओरडली, "काय हो, सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं आज!"

"उगवू दे बाई," ती खिडकीतून म्हणाली. "मावळेपर्यंत एक कोट तरी होईल धुऊन."

शेजारीण हसली, तीही हसली. त्याने मान वर केली नाही.

त्याचा कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या चार खोल्या. तिथे स्फटिक तयार होत. दागिन्यांचे नव्हेत, यंत्रांचे. लग्न झालं तेव्हा माहेरच्या कुणालाच जावई नक्की काय करतो ते सांगता येत नसे, म्हणून त्याने एकदा तिला बसवून समजावलं होतं. दगडाचा किंवा धातूचा गुळगुळीत केलेला तुकडा घ्यायचा. त्यावर इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडायचा. तुकड्यात जी जी मूलद्रव्यं असतील ती आपापले क्ष-किरण सोडतात, पण सगळी एकदमच, जत्रेतल्या आरड्याओरड्यासारखी. मग त्या किरणांच्या वाटेत एक स्फटिक ठेवायचा, ठरावीक कोनात. तो त्यातल्या एकाच किरणाला पुढे जाऊ देतो. कोन बदलला की दुसऱ्याला. "म्हणजे दाराशी उभा राहून एकेकालाच आत सोडणारा," ती म्हणाली होती, आणि तो इतका खूश झाला होता की पुढे कित्येक दिवस पाहुण्यांना तेच सांगत होता.

पण एका स्फटिकाला सगळी मूलद्रव्यं ओळखता येत नाहीत. म्हणून यंत्रात निरनिराळे बसवावे लागतात. कारखान्यात त्यांना टोपणनावं होती. लिथियम फ्लोराइडचा तो थोरला. त्याच्याकडे लोखंड, तांबं, निकेल. ठणठणीत गडी, वाऱ्यापावसाची पर्वा नसलेला. पीईटी हा मधला, बाटल्यांच्या प्लास्टिकातला नव्हे. गंधक, कॅल्शियम, टायटॅनियम त्याच्याकडे. अंगाने मऊ आणि स्वभावाने चंचल. खोली जरा तापली की फुगतो, आणि मोजमाप घसरतं. आणि तिसरी टीएपी, म्हणजे धाकटी. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन ही हलकी मंडळी फक्त तिलाच कळत. ती पाण्यात वाढवावी लागे. काचेच्या हंडीत बीजाचा छोटा तुकडा दोऱ्याला टांगायचा आणि पाणी इतकं सावकाश थंड करायचं की महिने जात. मग तिचे पातळ पापुद्रे काढायचे, वळणदार साच्यावर चिकटवायचे आणि घासून घासून नेमक्या गोलाईत आणायचे. हवेतल्या ओलाव्यानेही तिचा चेहरा उतरे.

"घरी बायको आणि तिकडे धाकटी," ती चिडवायची. "लाड कुणाचे जास्त ते सांगायला नको."

धाकटी त्याच्याइतकी चांगली कुणालाच वाढवता येत नसे. परदेशातून लोक नाव घेऊन मागणी करत. अलीकडे मात्र तो गप्प गप्प असायचा. मालकांच्या डोक्यात नवीन पट्ट्या आल्या होत्या. यंत्रात धातूचे थरावर थर चढवायचे की पट्टी तयार, ना पाणी ना वाट पाहणं. हलक्या मूलद्रव्यांची बरीचशी कामं त्या पट्ट्या करत. मालकांनी खर्च कमी करताना कोट धुणाऱ्या बाईला आधीच काढलं होतं. ज्याने त्याने आपापला कोट घरी न्यावा, असं तेव्हापासून चालू होतं.

तिला हे दुखणं कुठे आणि कधी सुरू झालं ते नीटसं आठवत नव्हतं. आधी पावलांना मुंग्या आल्या. ती घरी कपडे शिवायची. मशीनवर बसून बसून होत असेल, असं तिला वाटलं. मग मुंग्यांची जळजळ झाली, आणि पायांवर चादरीचा भारही सोसेना. एकदा ब्लाउजला हातशिलाई घालताना कापडावर लाल ठिपका दिसला. तिने सुई उचलली तर ती बोटात रुतलेली होती. तिला कळलंच नव्हतं.

त्यानंतर केस. कंगव्यात आधी चार, मग बटच्या बट. उशीवर, मोरीच्या जाळीत, शिवायला आलेल्या कपड्यांवर. गिऱ्हाइकांना केस सापडू नयेत म्हणून ती डोक्याला रुमाल बांधून बसू लागली. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि काळजी कमी करा म्हणाले.

त्याने काळजी घेतली, हे खरं. कोट तर तो धुतच होता. शिवाय संध्याकाळी आला की तिचे पाय मांडीवर घेऊन बसायचा. रात्रीची भांडी घासायचा. पाणी भरपूर पी म्हणायचा, दर तासाला विचारायचा, प्यायलीस का? एकदा तिची बोटं हातात घेऊन तो नखांकडे बघत राहिला होता. ती म्हणाली, "काय, अंगठी करायचा विचार आहे का?" त्याने हात सोडला आणि उठून गेला.

"माणूस बदलतो हो," ती शेजारणीला म्हणाली. "उतारवयात का होईना."

केसांसाठी म्हणून शेजारणीनेच तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तो कारखान्यात होता. ती एकटीच गेली.

डॉक्टरीणबाईंनी केस बघितले, भुवया बघितल्या. मग म्हणाल्या, "हात पुढे करा." त्यांनी टेबलावरचा दिवा ओढला आणि तिची नखं त्याच्याखाली धरली. प्रत्येक नखावर एक आडवी पांढरी रेघ होती. तिने ती पाहिली होती, पण कॅल्शियम कमी असेल असं समजून सोडून दिलं होतं.

"पाय दुखतात का?"

"दुखतात म्हणजे! जमिनीवर टेकवत नाहीत सकाळी. पण मी आले केसांसाठी."

"घरात उंदीर मारायचं जुनं औषध वगैरे आहे? कुठे पडलेलं, डब्यात?"

"नाही हो. उंदीरच नाहीत."

"तुम्ही काय काम करता?"

"कपडे शिवते."

"आणि घरातले?"

"हे स्फटिक तयार करतात." हे सांगताना तिचा आवाज नेहमीप्रमाणे थोडा वर गेला. "यंत्रातले. क्ष-किरण निवडायचे असतात ना, त्यासाठी. तीन प्रकारचे करतात. एक लिथियम फ्लोराइडचा, एक पीईटीचा, आणि टीएपी. ती सगळ्यात नाजूक. ती यांच्यासारखी कुणालाच जमत नाही."

"टीएपी म्हणजे काय?"

तिला ते पूर्ण नाव पाठ होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तिच्याकडून घोकून घेतलं होतं, आणि ती ते मंगलाष्टकासारखं चालीवर म्हणून दाखवायची.

"थॅलियम ॲसिड थॅलेट," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पुढचं त्यांनी सावकाश, एकेक वाक्य तोडून सांगितलं. थॅलियम विषारी असतं. कातडीतून शिरतं, श्वासातून शिरतं. नसांवर जातं, केसांच्या मुळांवर जातं. नक्की काय ते तपासणीतून कळेल. लघवीचा नमुना मोठ्या रुग्णालयात पाठवावा लागेल. उपाय आहे, घाबरू नका, निळ्या कॅप्सूल मिळतात, केसही परत येतात. "पण तुमच्यापर्यंत आलं कसं? तुम्ही तिथे जाता?"

"नाही. वर्षातून एखाद्या वेळी. मी फक्त यांचा कोट धुते."

"हाताने?"

"हाताने. आधी झटकते, मग भिजवते."

"ते आजपासून बंद. लगेच."

"ते बंदच आहे," ती म्हणाली. "तीनेक आठवडे झाले. आता तेच धुतात. मला हातसुद्धा लावू देत नाहीत, इतकी…"

वाक्य तिथेच राहिलं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत होत्या. बाहेर कुणीतरी आपला नंबर आला का म्हणून विचारत होतं. तिने डोक्यावरचा रुमाल सरळ केला, तो सरळच होता तरीही.

"त्यांनाही घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचीही तपासणी करू."

घरी जायला तिला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. पाय दुखत होते, आणि घाईही नव्हती.

तो आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. दिवे लावायचे राहिले होते. त्याने दिवा लावला, चप्पल बाजूला केली, हात धुतले. खूप वेळ धुतले.

"डॉक्टरांकडे गेले होते," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"तुम्हीच सांगा."

तो नॅपकिनने बोटं एकेक करून पुसत राहिला. मग समोरची खुर्ची ओढून बसला.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"केस जायला लागले तेव्हा. आधी खात्री नव्हती. मग नखं बघितली."

"आणि गप्प बसलात."

"कोट थांबवला ना. मूळ तेच होतं. एकदा आत जाणं थांबलं की उतरत जातं हळूहळू. पाणी पीत राहिलं की… मी सगळं वाचलं होतं."

"वाचलं होतं," ती म्हणाली.

"तसं नाही. ऐक तरी." तो पुढे वाकला. "हंडीत एक आहे. थंडीपासून वाढतेय. इतकी स्वच्छ मला आजवर निघालेली नाही, एक रेघ नाही आत. मालक टपूनच बसलेत, त्यांना निमित्त हवंय. असं काही कळलं की उद्याच्या उद्या हंडी ओतून टाकतील. मग संपलंच. ती बाहेर काढली की मी सांगणारच होतो. तुला घेऊन स्वतः जाणार होतो रुग्णालयात."

"कधी निघणार होती?"

तो नॅपकिनची घडी घालू लागला.

"रोज पाय दाबताना," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"म्हणून तर दाबत होतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही खरं होतं. तिला वाटलं, हा सरळ खोटारडा असता तर किती सोपं झालं असतं. आता ओरडावं, भांडावं, ताट आपटावं असं तिच्या मनात आलं, पण त्याआधी दुसरंच काही आठवलं आणि ती सावध होऊन बसली.

"तिचं काय?"

"कुणाचं?"

"पॉलिशवालीचं. घासायचं काम तर तीच करते ना? भुकटी तिच्याच कोटावर जास्त."

पॉलिशवाली म्हणजे त्याच्या हाताखालची मुलगी. स्फटिक घासण्याचं काम त्याने तिला स्वतः शिकवलं होतं. सणासुदीला घरी यायची, हिला वहिनी म्हणायची. अलीकडेच हिने तिचे दोन कुडते शिवून दिले होते.

"ती हातमोजे घालते," तो म्हणाला. "मास्क घालते."

"तुम्हीही घालता. मला काय झालं मग?"

तो टेबलावरच्या डागावर बोट फिरवत राहिला.

"तिला सांगितलंत?"

"बाटलीवर कवटीचं चित्र असतं. तिला दिसतं की रोज."

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याने बोट थांबवलं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "उद्या नक्की सांगतो. गेल्या गेल्या."

"हो," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

सकाळी तो बाहेर पडायला निघाला तेव्हा ती दाराशी चप्पल घालत होती. पायात घालताना तिने भिंतीचा आधार घेतला. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

"तू कुठे?"

"चला," ती म्हणाली.

वाटेत ती एका दुकानाच्या पायरीवर जरा टेकली, तेव्हा तो शेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट करून देत होता.

हंडीच्या खोलीत ऊबदार, दमट हवा होती. ती दारातच थांबली. काचेमागच्या पाण्यात दोऱ्याला टांगलेली ती दिसत होती. हाताच्या तळव्याएवढी, कडा इतक्या नितळ की पाणी कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते ते शोधावं लागत होतं. तो म्हणाला होता त्यात अतिशयोक्ती नव्हती. तिने ती पुरती बघून घेतली. मग पुढच्या खोलीत गेली.

पॉलिशवाली खिडकीजवळच्या चाकावर काम करत होती. हिला पाहून तिने चाक बंद केलं आणि हातमोजे ओढून काढले.

"वहिनी! तुम्ही आणि इकडे? दादा डबा विसरले का?"

"नाही गं. तुझ्याकडेच आले." ती स्टुलावर बसली. "तुझा कोट कोण धुतं?"

"सासूबाई. मला कुठला वेळ? चिडचिड करतात, पण धुतात." ती हसली. "का हो?"

"सासूबाई बऱ्या आहेत?"

"त्यांचं रोजचंच. पाय दुखतात, झोप नाही. वय झालं आता." मग तिचं लक्ष रुमालाकडे गेलं, आणि रुमालाखाली जिथे केस असायला हवेत तिथे. तिचं हसू ओठांवर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "वहिनी, काय झालं?"

"सांगते. आधी हात दाखव."

तिने हात पुढे केले. दहाही नखं लालभडक रंगवलेली होती.

"हा रंग काढायला हवा," ती म्हणाली.

"अहो, कालच लावलाय! काय चाललंय? दादा, वहिनी काय म्हणतायत?"

तो दारात उभा होता. दोघीही त्याच्याकडे बघत होत्या. मग तो आत आला, भिंतीवरचं कपाट उघडलं आणि साचे पुसायच्या ॲसिटोनची तपकिरी बाटली काढली. कापूस काढला. दोन्ही त्यांच्यामध्ये टेबलावर ठेवलं. बोळ्यावर ओतताना जास्तच पडलं आणि टेबलावरून वाहत जाऊन फरशीवर ठिबकू लागलं. कुणी पुसलं नाही.

त्याने बोळा बायकोच्या हातात दिला. मग एक स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसला.

तिच्या बोटांना बोळ्याचा गारवा जाणवत नव्हता. तिने पॉलिशवालीचा अंगठा धरला आणि खिडकीतल्या उजेडाकडे वळवला.

"हलू नकोस," ती म्हणाली.

नखाच्या कडेने लाल रंग सुटायला लागला.